हस्ताक्षराच्या वर्गातल्या नलूकाकू

चेरीच्या झाडाची गोष्ट मी फार रंगवून सांगतो, असं निदान माझं मत आहे. लहानगा जॉर्ज वॉशिंग्टन, हातात नवी कोरी कुऱ्हाड, वडिलांचं लाडकं झाड, आणि मग भरल्या डोळ्यांनी दिलेली कबुली. आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं खातं पूर्वीपासून माझ्याकडे आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीत, ग्रिलवरची कणसं भाजून होईपर्यंत पोरांनी एका जागी बसावं म्हणून मी ती गोष्ट लावली होती. कबुलीपर्यंत आलो होतो. पोरांचे डोळे मोठे झाले होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "कोण सांगून राहिलं हे?"

मी म्हटलं, मी.

"तू होता का तिथं?"

अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी व्हर्जिनियात मी नव्हतो, हे मला मान्य करावं लागलं.

"मग कोण होतं? त्यानं लिहून ठेवलं का?"

पोरं माझ्याकडे पाहायला लागली. वॉशिंग्टन वारल्यावर त्याचं चरित्र विकणाऱ्या एका माणसानं ही गोष्ट आपल्या पुस्तकात घातली, त्याच्याआधी ती कुठेही सापडत नाही, हे त्या बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं आणि कणसाला लिंबू लावायला निघून गेल्या. अंबाड्यात एक पिवळी शिसपेन्सिल खोचलेली होती. मी उरलेली गोष्ट गिळली. कणसं अजून कच्चीच होती.

ही नलूकाकूंची आणि माझी ओळख.

डॉक्टर नलिनी उमाळकर. मूळच्या अमरावतीच्या. सत्तरच्या दशकात भारतातून आलेल्या डॉक्टरांच्या पहिल्या लोंढ्यातल्या, न्यू जर्सीतल्या एका इस्पितळात सगळी हयात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काढलेल्या. पन्नास वर्षं अमेरिकेत राहूनही त्यांच्या बोलण्यातलं वऱ्हाड जागच्या जागी होतं. ओक ट्री रोडवरच्या दुकानात भेंडी निवडताना त्या गुजराती मालकालाही "हे कोवळी म्हणून राहिला का तू?" असं विचारत, आणि त्याला ते बरोबर कळत असे.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रुग्णाला कधी न भेटणारा डॉक्टर. तो काचेच्या पट्टीवरचा मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि काय आहे ते सांगतो. काकूंचा सगळा स्वभाव त्या पट्टीवर घडला होता. ऑपरेशन चालू असताना तुकडा खाली त्यांच्याकडे यायचा आणि वरून मोठा सर्जन फोनवर ओरडायचा की हे उघडउघड कॅन्सरचंच आहे, लवकर लिहून दे. नव्या नव्या असताना, साडीवर पांढरा कोट घालून, तुटक्या इंग्रजीत त्या म्हणत, मी अजून पाहिलेलं नाही. तो पुन्हा ओरडायचा. त्या फोन बाजूला ठेवून पाहायच्या. "वरचा काय म्हणते ते लिहायला मी कशाला पाहिजे?" त्या म्हणायच्या. "त्याले कारकून ठेव म्हणा."

निवृत्त झाल्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शक सोडला आणि भिंग घेतलं. जुनी अमेरिकन कागदपत्रं वाचायचं वेड त्यांना नेमकं कशानं लागलं, ते मला माहीत नाही. पण संग्रहालयांच्या वाचनकक्षात त्या रोज जाऊन बसत. तिथं पेन न्यायची बंदी असते, फक्त शिसपेन्सिल चालते. म्हणून ती अंबाड्यातली पेन्सिल. ती लग्नातही असे. आमच्या मंडळातल्या एका मुलीच्या रिसेप्शनला काकू पैठणी नेसून, मोत्यांचा तन्मणी घालून आल्या होत्या आणि अंबाड्यात गजऱ्यातून पिवळी पेन्सिल डोकावत होती. कोणीतरी हळूच सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे. कधी काय वाचायला मिळेल सांगता येते का?"

लोकांना त्यांच्याशी बोलायला जरा धाकधूकच वाटे. पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायच्या जेवणात, कोणी म्हणालं की ही पुरणपोळी अगदी आईच्या पद्धतीची, तर काकू विचारणार, पुरण कोणी वाटलं? तू पाहिलं का? बिचारी ती बाई फ्रोझनच्या पाकिटातून पोळ्या काढून आलेली असायची. गाडी त्या भयंकर चालवत. हायवेवरच्या पाट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता की काय, कोण जाणे. एकदा त्यांच्या शेजारी बसून प्रिन्स्टनला गेलो, तेव्हापासून मी देवावर थोडा अधिक विश्वास ठेवतो.

मला नागरिकत्वाची परीक्षा द्यायची होती, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. खरं म्हणजे मेधानं, माझ्या बायकोनं, पाठवलं. शंभर प्रश्न असतात, उत्तरं छापलेली मिळतात, त्यातले जास्तीत जास्त दहा विचारतात, सहा बरोबर आले की झालं. मी पुण्यातल्या गाइडवर वाढलेला माणूस. शंभर उत्तरं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. काकूंना मी खडाखडा म्हणून दाखवायला लागलो. यादवी युद्धाचं एक कारण सांगा, असा प्रश्न होता. छापील उत्तरांत तीन पर्याय होते, मी त्यातलं 'आर्थिक कारणं' म्हणालो. गुळगुळीत वाटलं म्हणून.

काकू आत गेल्या आणि कागद घेऊन आल्या. दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली तेव्हा त्यांनी आपली कारणं स्वतः लिहून जाहीर केली होती. मिसिसिपीचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. वाच म्हणाल्या. दुसऱ्याच वाक्यात त्या लोकांनी सांगून टाकलं होतं की आमचं सगळं गुलामीशी बांधलेलं आहे. लपवाछपवी नाही, आडपडदा नाही.

"ते स्वतःच्या तोंडानं सांगून राहिले," काकू म्हणाल्या, "आणि तू त्यांची अब्रू झाकून राहिला. काहून? तुझे कोण लागतात ते?"

मुलाखतीत नेमका तोच प्रश्न आला. मी 'गुलामी' म्हणालो, आणि पुढे मिसिसिपीच्या जाहीरनाम्यातलं दुसरं वाक्य सांगायला लागलो. अधिकारी म्हणाला, सर, एकच उत्तर पुरे आहे. मी नागरिक झालो, ते असं अर्ध्या वाक्यात.

त्यांचा वर्ग मात्र सुरू झाला तो हस्ताक्षराचा म्हणून. त्याचं कारण असं. इथल्या शाळांतून अक्षरं जोडून वळणदार इंग्रजी लिहिणं जवळपास गेलं आहे. आमची पोरं टाइप करतात, फार तर सुटी सुटी अक्षरं काढतात. जुना हस्तलिखित कागद पुढे ठेवला तर त्यांना तो चिनी वाटतो. उलट काकू अमरावतीच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत चार रेघी वहीत कित्ता गिरवलेल्या. वळणदार इंग्रजी त्यांच्या हाडात होतं. जेफरसनच्या काळचं अक्षर त्यांना त्यांच्या शाळेतल्या बाईंच्या अक्षरासारखं सरळ दिसे. इथं जन्मलेल्या मुलांना इथले कागद वाचता येत नाहीत आणि अमरावतीहून आलेल्या म्हातारीला येतात, याचा त्यांना आनंद होत नसे. राग येई.

त्या रागाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या माहेरी पत्र्याची एक पेटी होती, मोडी लिपीतल्या कागदांनी भरलेली. घरात मोडी वाचता येणारं शेवटचं माणूस त्या जन्मायच्या आधीच गेलं होतं. एक काका छातीठोक सांगे की आपल्या पणजोबांनी देवस्थानाला जमीन दान दिली. दुसरा तितकंच छातीठोक सांगे की ती जुगारात गेली. पेटी मध्ये ठेवून दोघं भांडत. काकू इकडे शिकत होत्या तेव्हा पेटी रद्दीत गेली. "कागद समोर होता," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही आंधळे. ज्याचं अक्षर वाचता येत नाही ना, त्याच्या नावावर कोणीही काहीही खपवते." एवढंच म्हणून त्यांनी चहात बिस्किट बुडवलं, आणि ते पडलं.

तर, मंडळाच्या पत्रकात त्यांनी टाकलं, 'सुंदर हस्ताक्षर वर्ग, दर रविवारी, मंडळाच्या हॉलमागची खोली.' आमचा सगळा पालकवर्ग हस्ताक्षर स्पर्धांत वाढलेला. कोणाला तिसरं बक्षीस मिळालं होतं, कोणाचं थोडक्यात हुकलं होतं. खोली भरली. मीही माझ्या मुलीला, ईराला, घातलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. वर्षभर चार रेघी वह्या आल्या, कित्ते आले, आम्ही ते फ्रिजवर लावले. भारतातल्या आजीला फोटो पाठवले.

मग हळूहळू घरात विचित्र गोष्टी व्हायला लागल्या. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी इंग्लंडहून आलेले पहिले यात्रेकरू आणि इथले आदिवासी एका टेबलावर बसून कसे जेवले ते सांगत होतो. पाहुणे होते. ईरा म्हणाली, "बाबा, ॲक्चुअली त्या जेवणाबद्दल फक्त दोन लोकांनी लिहिलंय. आणि दोघंही एकाच साइडचे." पाहुण्यांनी कौतुकानं हसून घेतलं. मीही हसलो. मग पुढच्या दिवाळीच्या फराळाला मी माझ्या आजोबांनी वाघाला काठीनं कसं हुसकावलं ते सांगायला घेतलं. ही गोष्ट मी वीस वर्षं सांगतोय, मेधानंही आता तिच्यावर विश्वास ठेवला आहे. ईरानं शांतपणे विचारलं, "वेअर यू देअर?" मी म्हटलं, नाही. आजोबांनी सांगितलं का? नाही, आत्यानं. आत्या होती का? आत्या तेव्हा जन्मलेली नव्हती. वाघ तिथल्या तिथे मेला.

हस्ताक्षर सुधारलं की काकू मुलांना खरे कागद देत होत्या, ते आम्हाला असं कळलं. खऱ्या कागदांच्या प्रती. सैनिकाची रोजनिशी, जहाजाच्या कप्तानाची पत्रं, पळून गेलेल्या गुलामासाठी मालकानं दिलेली जाहिरात, गुलामीतून सुटलेल्या बाईनं स्वतः सांगितलेली हकिकत. पद्धत एकच. आधी कागद जसाच्या तसा हातानं उतरवायचा. मग विचारायचं, हे कोणी लिहिलं, तो तिथं होता का, कोणासाठी लिहिलं, आणि काय लिहिलं नाही. मत शेवटी. मताची घाई केली की काकू म्हणत, "पट्टी पाह्यली का नीट? मग थांब."

आता खरी गोष्ट.

देशाच्या अडीचशेव्या वाढदिवसाची तयारी सुरू झाली आणि आमच्या काउंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्यानं, चार जुलैच्या सोहळ्यात सगळ्या समाजांना मंचावर दहा-दहा मिनिटं दिली. आमच्या मंडळालाही. मी त्या वर्षी सेक्रेटरी होतो, म्हणजे कोणीच तयार नव्हतं. अध्यक्ष होता मकरंद. चांगला माणूस, कामाला वाघ, सतत काळजीत. समितीनं ठरवलं की आठ मिनिटं लेझीम आणि दोन मिनिटं मुलांचं काहीतरी. मुलांचं काहीतरी म्हणजे काकूंचा वर्ग.

काकूंनी मुलांना जे वाचायला दिलं ते आमच्याच काउंटीच्या जुन्या वहीतलं एक पान होतं. न्यू जर्सीनं गुलामी एका झटक्यात बंद केली नाही, हप्त्याहप्त्यानं केली. कायदा असा होता की यापुढे गुलाम आईला झालेलं मूल स्वतंत्र, पण मुलगी असेल तर एकवीस वर्षांची होईपर्यंत आणि मुलगा असेल तर पंचवीस वर्षांचा होईपर्यंत त्यानं आईच्या मालकाची चाकरी करायची. त्यासाठी मालकानं मुलाचा जन्म काउंटीच्या क्लार्ककडे नोंदवायचा. त्या नोंदींचं ते पान. वर्गातल्या एकेका मुलानं एकेक नोंद उतरवली होती. ईराकडे आली होती हॅना. 'हॅना नावाची मुलगी, जूड या माझ्या गुलाम बाईला झालेली, अमुक महिन्यात', खाली मालकाची सही. दोन ओळी. बस.

त्या मालकाचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याच्या नावाचा आमच्याकडे मोठा रस्ता आहे, तेवढं त्याला पुरे. अडचण तीच होती. त्या रस्त्यावर आमचं अर्धं मंडळ राहतं. मकरंदनंही वर्षापूर्वी तिथंच घर घेतलं होतं.

व्हॉट्सॲपवर समितीचा कल्लोळ झाला. आनंदाच्या दिवशी हे काय, कमिशनर समोर बसलेले असणार, आपण पाहुणे आहोत यार, घराच्या किमती, पोरांच्या कॉलेजचे अर्ज. शेवटी ठरलं की पान काढून टाकायचं आणि मुलांनी 'थँक यू अमेरिका' म्हणायचं. ते काकूंना सांगायला सेक्रेटरीला पाठवायचं. सेक्रेटरी म्हणजे मी काजूकतलीचा डबा घेऊन निघालो. अध्यक्षांना सोबत घेतलं, कारण एकट्यानं जाण्याइतका मी शूर नाही.

काकूंनी डबा घेतला, उघडून एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, समितीचा ठराव कुठे आहे. मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर झालं सगळं. "म्हणजे अंगठे," त्या म्हणाल्या. "अंगठ्याला ठराव म्हणून राहिले का तुम्ही?" काउंटीनं असं काही वाचू नका म्हटलंय का, असंही विचारलं. नव्हतं म्हटलेलं. काउंटीला कोणी विचारलंच नव्हतं. कोणी नाही म्हणायच्या आधीच आपण नाही म्हणून मोकळं होतो, ही आपल्या लोकांची रीत, आणि मी त्यात तज्ज्ञ आहे.

मग मकरंद बोलला. तो आवाज चढवून बोलला नाही. म्हणाला, "काकू, तुमचा पासपोर्ट अमेरिकन आहे. माझी ग्रीन कार्डची फाइल अकरा वर्षं रांगेत आहे. दिवस कसे आलेत तुम्ही बघताय. कुणी व्हिडिओ काढला, कुणी कुठे तक्रार केली, तर मला विचारायला कोण येणार आहे? अध्यक्ष म्हणून माझं नाव आहे तिथं."

काकूंनी काजूकतलीच्या डब्याला झाकण लावलं. मला वाटलं, झालं काम.

"तुझं भ्या खरं आहे," त्या म्हणाल्या. "तू बोलू नको. तू मंचावर चढू नको. मंडळाचं नाव काढून टाक. मी नाराज नाही. पण पान मी टाकणार नाही. ही पोरं इथं जन्मली, मकरंद. त्या हॅनासारखीच. इथं काय झालं ते पाहायला त्यांना कोणाच्या फाइलची परवानगी लागत नाही."

मंडळानं मुलांचा कार्यक्रम रद्द केला. महिन्याभरात हॉलमागची खोलीही 'इतर उपक्रमांसाठी' लागायला लागली. ती ईमेल माझ्याच सहीनं गेली. काकूंचं उत्तर एका ओळीचं आलं, की वर्ग येत्या रविवारपासून माझ्या बेसमेंटमध्ये, येताना मोजे घालावेत, फरशी थंड आहे. बऱ्याच पालकांनी मुलं काढून घेतली. आमच्या घरीही चर्चा झाली. मी दोन्ही बाजू नीट मांडल्या. मेधानं पोळी उलटवत विचारलं, मोजे जाड पाहिजेत की साधे? चर्चा संपली. वर्गात पाच मुलं उरली.

आणि मग काकूंनी एक अगदी साधी गोष्ट केली. आमच्या काउंटीचा कारभार पाहणाऱ्या कमिशनरांच्या बोर्डाची सभा दर महिन्याला होते आणि तिच्यात शेवटी कोणाही रहिवाशाला माइकसमोर उभं राहून तीन मिनिटं बोलता येतं. आपलं नाव-गाव सांगायचं आणि बोलायचं. लोक खड्ड्यांबद्दल बोलतात, बागा खाऊन टाकणाऱ्या हरणांबद्दल बोलतात. वयाची अट नाही, विषयाची नाही, मंडळाची तर नाहीच. इतकी वर्षं या देशात राहून मी त्या सभेला एकदाही गेलो नव्हतो. मला ते मुंबईच्या मंत्रालयासारखं काहीतरी वाटत होतं, ओळख असल्याशिवाय न जाण्याचं.

त्या संध्याकाळी आम्ही मागच्या रांगेत बसलो. एका गृहस्थांचं कचऱ्याच्या गाड्यांवरचं बोलणं झालं आणि पोरं एकामागून एक उठली. स्वतःचं नाव, पत्ता, मग नोंद. पहिला मुलगा अनिरुद्ध क्षीरसागर. त्याचं नाव लिहून घेण्यात क्लार्कबाईंचा बराच वेळ गेला, त्यांनी दोनदा विचारून बरोबर लिहिलं. ईराची पाळी आली तेव्हा तिनं कागद दोन्ही हातांनी धरून वाचला. हॅना, जूडची मुलगी. मालकाचं नावही तिनं वाचलं, रस्त्याचं वाचतात तसंच. एक कमिशनर मान वर करून बघायला लागला. कोणी रागावलं नाही. कोणी व्हिडिओ काढला नाही. बोर्डाच्या अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचा माणूस हरणांवर बोलला. घरी येताना गाडीत मी म्हटलं, बघ, किती छान झालं सगळं, हे मी पुढे कित्येक वर्षं सांगणार. ईरा म्हणाली, "यू वेअर देअर, सो ओके."

चार जुलैला मंडळाचं लेझीम उत्तम झालं. मकरंदनं ढोल वाजवला. कमिशनरांनी ताल धरायचा प्रयत्न केला आणि चुकवला. मकरंदची फाइल जिथं होती तिथंच आहे. आणि काकू आता इथं नाहीत. त्या शरद ऋतूत जिन्यावरून पडल्या, खुबा बदलावा लागला, आणि लेक त्यांना टेक्सासला प्लेनोला आपल्या घरी घेऊन गेली. लेकीचा फोन असतो अधूनमधून, आईनं तिथल्या शाळेला पत्र लिहिलंय म्हणून. जाण्याच्या वेळी मी बंगलोरला कामावर होतो, त्यामुळे निरोप वगैरे काही झाला नाही. मी त्यांना नीट असं शेवटचं पाहिलं ते त्याआधी, बोर्डाच्या त्याच सभागृहात, मुलांनी वाचल्याच्या पुढच्या महिन्यात.

झालं असं होतं की काकूंनी मागच्या सभेचं इतिवृत्त मागवून वाचलं. दुसरं कोण वाचतं? त्यात लिहिलं होतं की काही तरुण रहिवाशांनी एक ऐतिहासिक कागद वाचून दाखवला. खाली पाचही मुलांची नावं आणि पत्ते, क्षीरसागरसकट अचूक. त्यांनी वाचलेली, वहीतली नावं मात्र नव्हती. एकही नाही.

मला त्यांनी गाडी चालवायला बोलावलं होतं, संध्याकाळी त्यांना दिसत नसे. वाटेत मी समजावलं की काकू, इतिवृत्त हा सारांश असतो, आमच्या ऑफिसातही असंच असतं, झालं ना वाचून, लोकांनी ऐकलं ना. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. म्हणाल्या, "ऐकलेलं किती दिवस राहते?"

लोकांची वेळ आली तेव्हा त्या उठल्या. फिकट निळी साडी, त्यावर इस्पितळातला जुना पांढरा कोट, कारण सभागृहात एसी फार असतो. माइक त्यांच्या उंचीपेक्षा वर होता. तो त्यांनी खाली ओढला, तेव्हा तो केवढ्यानं तरी किंचाळला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि म्हणाल्या की मागच्या इतिवृत्ताला माझी हरकत आहे, ते दुरुस्त व्हावं. बोर्डाचे वकील नम्रपणे म्हणाले की इतिवृत्त म्हणजे शब्दशः नोंद नव्हे, डॉक्टर, थोडक्यात सार असतं.

काकूंचं इंग्रजी आता तुटकं नव्हतं. पण त्या बोलल्या अगदी सावकाश, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा.

"दोनशे वर्षांपूर्वी या काउंटीच्या क्लार्कनं ही नावं लिहिली," त्या म्हणाल्या, "कारण ती कोणाची तरी मालमत्ता होती. तेव्हा सार काढलं नाही. एकेक लिहिलं. आज मालमत्ता नाहीत, नुसती माणसं आहेत, म्हणून लिहायचं कारण उरलं नाही का?"

वकिलांनी चष्मा काढला. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात, आतापर्यंत मान खाली घालून टाइप करणाऱ्या क्लार्कबाई बोलल्या. मध्यमवयीन, कृष्णवर्णीय बाई, महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या. त्या म्हणाल्या, अध्यक्ष महाशय, नावं मिळाली तर मला घालायला आवडेल. काकूंनी पर्समधून पाच कागद काढून पुढे केले. वळणदार, चार रेघी वहीतलं अक्षर. बाईंनी ते हातात घेतले, थोडा वेळ पाहिले आणि विचारलं, हे मुलांनी लिहिलंय? त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

कोणीतरी दुरुस्तीचा प्रस्ताव मांडला, कोणीतरी अनुमोदन दिलं, हात वर झाले. सगळ्यांचे झाले की एकदोघांचे राहिले, ते मागून मला दिसलं नाही. वेळ संपल्याची घंटी वाजली. अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद डॉक्टर, मंजूर आहे, आपण बसू शकता. माझ्या शेजारी हरणांवर बोलणारे गृहस्थ उठून उभे राहिले होते, कागद सरळ करत.

काकू हलल्या नाहीत. अध्यक्षांनी पुन्हा सांगितलं, बसा. मी मागच्या रांगेतून हातानं खुणा करायला लागलो, चला, झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हात माइकपुढच्या कठड्यावर, मान किंचित वाकडी, पाहत होत्या त्या बाईंच्या पडद्याकडे.

"लिहून होऊ द्या," त्या म्हणाल्या.

बाई एकेक अक्षर पाहून टाइप करत होत्या, आणि काकू उभ्या होत्या.